मी काहीच केलं नाही

नकाशा विभागातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक काळा फोन होता. त्याचा रिसीव्हर केव्हाच मेला होता, त्यामुळे तो फक्त स्पीकरवर बोलायचा. फोन बदलून घ्या, असं साहेब दरवर्षी सांगायचे आणि निदानराव दरवर्षी म्हणायचे, "चालतंय की साहेब." चालणारच. समोरच्याची फजिती अख्ख्या हॉलला ऐकवणारा फोन कोण बदलून घेईल?

निदानराव हे नाव अर्थातच ऑफिसनं ठेवलेलं. शहरातले दिवे, पाण्याचे पाइप, झाडं, गटारांची झाकणं हे सगळं कॉम्प्युटरवरच्या नकाशात जिथल्या तिथे ठेवायचं आणि कुणाचं काही बिघडलं की निदान करायचं, हे त्यांचं काम. फोन वाजला की ते आधी चष्मा पुसायचे, मग बटण दाबायचे आणि निवृत्त न्यायाधीशाच्या आवाजात म्हणायचे, "नमस्कार. बोला. काय अडचण आहे?" यातलं 'अडचण' ते असं काही ओढायचे, की अडचण नकाशात नसून समोरच्याच्या स्वभावात आहे असं वाटावं.

"अहो, मी काहीच केलं नाही," पलीकडून पाणी विभागातली ताई. "पण नकाशावर सगळीकडे लाल उद्गारचिन्हं आलीत."

'काहीच केलं नाही' हे शब्द कानावर पडले की निदानरावांच्या चेहऱ्यावर तेज चढायचं.

"काहीच केलं नाही. छान. मग हे काहीच न करण्यापूर्वी आपण काय काय केलं, ते सांगा."

"काही नाही हो. फक्त फोल्डरचं नाव जरा नीट केलं."

"फोल्डरचं नाव नीट केलं." हॉलकडे एक नजर. "म्हणजे उद्या तुमच्या घराचा नंबर मी 'जरा नीट' केला आणि पोस्टमनला सांगितलं नाही, तर पत्रं येतील का तुमची?"

हॉल हसायचा. ताई पलीकडे लाल उद्गारचिन्ह व्हायची.

कुणाचा नकाशा पांढराफटक पडायचा, कारण हे महाशय झूम करत करत शहर सोडून वाळवंटात पोचलेले. कुणी "फाईल पाठवली तर उघडतच नाही" म्हणून गळा काढायचं. अशा नकाशाच्या एका फाईलीला चार-पाच भावंडं असतात, सगळी एकत्र असली तरच ती तोंड उघडते, आणि यानं नेमकी थोरलीच एकटी पाठवलेली. दिवे विभागातल्या काकांचे रस्त्यावरचे दिवे तर एकदा सगळेच्या सगळे भर समुद्रात सापडले. नकाशाची मोजमापाची पद्धत निवडताना काकांनी यादीतली पहिली दिसली ती निवडली होती. "दीपगृहं म्हणून ठेवायची का काका?" असं निदानरावांनी स्पीकरवर विचारलं, आणि पुढे कितीतरी दिवस काका जिन्यात भेटले की कुणी ना कुणी बोटीचा भोंगा वाजवायचं.

ऑफिस सुटलं तरी निदान सुटत नसे. घरी आई म्हणायची, "अरे, टीव्ही लागत नाहीये."

"लागत नाही म्हणजे? चित्र नाही की आवाज नाही? मध्ये कुणी काही बदललं होतं?"

"चॅनल बदललं रे मेल्या! टीव्ही असतो कशाला?"

आणि बायको? बायको त्याच ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर. त्यांच्या आधीपासून. तिच्याकडे झाडं होती. ती रस्त्यारस्त्याने हिंडून प्रत्येक झाडाच्या बुंध्याला टेप लावायची आणि मग येऊन ते झाड नकाशात टाकायची. सगळे तिला झाडवाल्या मॅडम म्हणायचे, साहेब लाडात आले की वहिनी. तिची एक खोड होती. हातातला भाग पूर्ण झाल्याशिवाय ती सेव्ह करायची नाही. "अर्धं सेव्ह केलं की मला ते झालंसंच वाटायला लागतं," म्हणायची. निदानराव या खोडीपुढे हात टेकून होते. जेवताना, दात घासताना, दिवा मालवताना त्यांचा एकच प्रश्न: "सेव्ह केलंस का?"

बिनसलं ते मीटिंगमध्ये. साहेबांनी भिंतीवर झाडांचा नकाशा लावला आणि म्हणाले, "एवढी झाडं आहेत आपल्याकडे? मग मला गाडी लावायला सावली का मिळत नाही?" पाहतात तर प्रत्येक झाड दोनदा. एकावर एक, जुळ्यासारखं.

"मी एकेका झाडाला हात लावून आलेय," बायको म्हणाली. "दोनदा कसं येईल?"

सगळ्यांनी निदानरावांकडे पाहिलं. निदानरावांनी चष्मा पुसला. "वापरणाऱ्याची चूक. पेस्ट दोनदा दाबलं गेलंय. होतं असं नवख्या माणसाकडून."

"वहिनी, जंगलच लावलंत की!" साहेब म्हणाले आणि हॉल खो खो हसला. सर्वांत मोठ्याने दिवेवाले काका. समुद्रात बुडालेल्या माणसाला दुसरं कुणी गटांगळ्या खाताना दिसलं, की किती हायसं वाटतं!

त्याच दिवशी दुपारी निदानरावांनी नीट तपासलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जुळी झाडं सगळी एकाच दिवशी जन्मलेली, आणि तो दिवस होता जुन्या सर्व्हरवरून नव्यावर सामान हलवल्याचा. हलवणारे कोण? तेच. त्या दिवशी पडद्यावरचं चाक गरगरत राहिलं, त्यांना वाटलं अडकलं, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा बटण दाबलं होतं.

जादा झाडं त्यांनी गुपचूप काढून टाकली. चूक सापडली, दुरुस्तही झाली. उरली एक बारीकशी बाब: ती कुणाची होती, हे सांगायची. ती त्यांनी सवडीच्या कामांत टाकली, आणि सवड ही गोष्ट निदानरावांकडे कधी नव्हतीच.

रात्री ताटावर मात्र म्हणाले, "झाला बघ तुझा लेयर, झाडांचा थर, नीट. पुढच्या वेळी जरा जपून."

बायकोने वाढता वाढता डाव खाली ठेवला. "आणखी काही सांगायचंय?"

"नाही. का?"

"काही नाही."

त्यानंतर साहेबांना नवा चाळा लागला. येता-जाता खिडकीपाशी थांबायचे: "काय वहिनी, आज किती जंगल?" एका दुपारी असंच म्हणाले, आणि निदानराव हसले. फार नाही. साहेबांपुढे हसतात तेवढंच. बायकोने ते पाहिलं. तिने स्क्रीनला पासवर्डचं कुलूप लावलं, पर्स उचलली आणि सरळ बहिणीचं घर गाठलं. मोबाइल उचलेना. सासूला तेवढा रोज फोन करायची, आणि सासू फोन ठेवून मुलाकडे अशी बघायची, जणू तो कुणा शेजाऱ्याचा आहे.

इथे ऑफिसात घोडं अडलं. एकाने लेयर दुरुस्तीला उघडला, की तो सेव्ह करून बंद करीपर्यंत दुसऱ्याला त्यात टिंबसुद्धा टाकता येत नाही. झाडांचा लेयर तिच्या मशीनवर उघडा होता, आणि त्यात आठवडाभर उन्हातान्हात मोजलेल्या झाडांच्या नोंदी सेव्ह न केलेल्या. मशीन बंद झालं तर सगळं पाण्यात. निदानरावांनी मॉनिटरवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि झाडूवाल्या बाईंना त्या कोपऱ्यात फिरकायची बंदी केली. स्वतः मात्र दर थोड्या वेळाने जाऊन मशीनचा डबा गरम आहे का ते हाताने बघून यायचे.

आणि अशात वायरमन येणार असल्याचं कळलं. त्याच संध्याकाळी ऑफिस सुटलं, की अख्ख्या मजल्याची वीज बंद.

"काढा ना त्यांना बाहेर," साहेब म्हणाले. "रस्तेवाल्यांना उद्या झाडं हवीत. तुम्हीच सांगता, एक बटण दाबलं की कुणाचंही कनेक्शन तुटतं."

"तुटतं, साहेब. पण तिचं सगळं काम जाईल. ती झाडं नकाशात नसली, तर रस्तेवाल्यांच्या लेखी नाहीतच. तोडूनही मोकळे होतील."

"मग सेव्ह करायला नको? जो सेव्ह करत नाही त्याने रडू नये. तुमचंच वाक्य."

त्यांचंच होतं. याच बटणाने त्यांनी कितीजणांना हाकललं होतं, वर शीळ घालत. आत्ताही त्यांनी ते दाबलं. पडद्यावर चौकट आली: कनेक्शन तोडायचं का? हे पूर्ववत करता येणार नाही. एरवी या सॉफ्टवेअरला साधी चूक धड सांगता येत नाही, आणि आज नेमकं शहाणपण सुचलं होतं. निदानरावांनी 'नको' दाबलं.

मग उरला काळा फोन. ऑफिसचा नंबर तरी ती उचलेल, म्हणून त्यांनी तिचा मोबाइल लावला. हॉलमधल्या खुर्च्या आपोआप वळल्या.

"नमस्कार," स्पीकरमधून आवाज आला. "बोला. काय अडचण आहे?"

'अडचण' अगदी तस्संच ओढलेलं. काही कामाला आलेल्या पाणी विभागातल्या ताईने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"अगं, मी बोलतोय."

"मी कोण? विभाग सांगा."

"...नकाशा."

"हं. काय होतंय नेमकं?"

"झाडांचा लेयर उघडत नाही. तुझ्या... तुमच्या मशीनवर अडकलाय."

"बरं. अडकण्यापूर्वी काय झालं?"

"तू उठून गेलीस."

"तो झाला परिणाम. मी कारण विचारतेय. मध्ये कुणी काही बदललं होतं?"

"मी काहीच केलं नाही!"

निदानरावांनी ते वाक्य आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, दुसऱ्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं होतं. स्वतःच्या आवाजात ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते किती केविलवाणं लागतं हेही.

"काहीच केलं नाही. छान," पलीकडून. "मग हे काहीच न करण्यापूर्वी आपण काय काय केलं, ते सांगा."

निदानरावांनी सवयीने चष्मा काढला. पुसायचं विसरले.

"ती जुळी झाडं... ती माझ्यामुळे झाली. सर्व्हर बदलताना. मला वाटलं अडकलंय. मी परत दाबलं."

"ठाऊक आहे. प्रत्येक झाडापुढे ते कुणी टाकलं ते लिहिलेलं असतं. निम्म्यांपुढे तुझं नाव होतं. तू सांगशील म्हणून मी वाट बघत बसले, आणि तू मला जपून राहायला सांगितलंस."

"हो."

"त्या मीटिंगला होते ते सगळे आहेत तिथे?"

"आहेत. दिवेवाले काका चहाला गेलेत फक्त."

"बोलवा त्यांना. मी थांबते."

काकांना जिन्यातून आणण्यात आलं, अर्धा कप हातात. निदानरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काका हसतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण काकांनी नुसता चहाचा घोट घेतला. एवढा चवीने घेतलेला घोट त्या ऑफिसने पाहिला नव्हता.

"झालं गेलं, वहिनी," साहेबांनी मध्ये तोंड घातलं.

"साहेब, तुमची जंगलाची तक्रार वेगळी आहे. ती आल्यावर घेते."

साहेबांनी केबिनची वाट धरली.

"पासवर्ड सांगतेस का?" निदानराव हळूच म्हणाले. "मी इथून सेव्ह करतो."

"पासवर्ड फोनवर कुणालाही सांगायचा नाही. सख्ख्या नवऱ्यालाही नाही. कुणाचं वाक्य?"

"माझं."

"येते मी."

ती आली तेव्हा वायरमन शिडी घेऊन दारात उभा होता. ती खिडकीजवळ बसली, चिठ्ठी सोलून निदानरावांच्या हातात दिली, कुलूप उघडलं. झाडं होती. सगळी. निदानरावांनी श्वास सोडला, तोवर तिने पर्समधून कागद काढला आणि टाइप करायला घेतलं.

"अगं, काय करतेस?"

"एक गल्ली राहिलीय. अर्धं काम मी सेव्ह करत नाही."

निदानरावांनी स्वतःची खुर्ची उचलून वायरमनला नेऊन दिली आणि म्हणाले, "बसा हो जरा. काम चालू आहे." वायरमन बसला, आणि मजल्याची वीज एका गल्लीसाठी जायची थांबली.

शेवटचं झाड नकाशात पडलं, तिने सेव्ह केलं, लेयर बंद केला. पुढच्या क्षणी हॉल अंधारात गेला.

"आई विचारत होती," अंधारात निदानराव म्हणाले.

"त्यांना रोज कळतं सगळं. मी जाते घरी त्यांच्याकडे. बॅग बहिणीकडे आहे, ती तू आण. ती विचारेल काय झालं म्हणून."

"सांगेन."

"पूर्ण सांग. अर्धं आमच्याकडे कुणालाच चालत नाही."

मेव्हणीच्या दारावर त्यांनी बेल वाजवली, तेव्हा आत बरीच माणसं एकदम गप्प झाल्यासारखं त्यांना वाटलं. दार उघडलं. मेव्हणी हाताची घडी घालून उभी. मागे तिचा नवरा, सासरे आणि मुलं, सगळी नीट ओळीत.

"नमस्कार," मेव्हणी म्हणाली. "बोला. काय अडचण आहे?"

निदानरावांनी चष्मा काढून हातात घेतला. "नमस्कार. मी केलंय. सगळं मीच केलंय. आत येऊन सांगू का?"

"नको," मेव्हणी म्हणाली आणि शेजारच्यांचंही दार उघडं आहे ना, ते वाकून पाहिलं. "इथूनच सांगा. इथून सगळ्यांना ऐकू जातं."