वाटेतला मासा

कुंभिवलीच्या फाट्यावर मी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघतो, तिथंच चहाच्या टपरीमागच्या बाकावर तो बसायचा. अंगात दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा निळा युनिफॉर्म, शेजारी डबा, मांडीवर जुनाट लॅपटॉप. नाव मी कधी विचारलं नाही.

तो गेम बनवत होता. पाण्यातून मासा जातो, त्याच्यावर क्लिक करून पकडायचा. गेम बनवायची मोठी सॉफ्टवेअरं त्या लॅपटॉपला झेपत नव्हती. म्हणून बटणं आणि विंडो सरकवायला कॉम्प्युटरमध्ये आधीपासून जे ॲनिमेशन असतं, त्याच्यावरच त्याने मासा पळवला होता. पळायचा सुरेख, पण एका सकाळी त्याने मला खेळून बघायला दिला, तेव्हा नेमकं माशाच्या अंगावर क्लिक केलं तरी सापडेना.

"नाय सापडणार, दादा," चहावरची साय बोटाने काढत तो म्हणाला. "तो वाटेत हाय असं आपल्याला नुसतं दिसतंय. कॉम्प्युटरच्या लेखी तो सुटला तवाच पलीकडं पोचलाय."

"मग दुरुस्त कर की रं!" मी वैतागलो. "आणि तुझी बस येते तरी कधी? रोज मीच आधी जातो."

त्याने युनिफॉर्मची कॉलर सरळ केली.

"माझी बस येत नाय. दिवाळीतच कामावरनं काढलं. घरी सांगितलं नाय अजून. बायको रोज डबा भरून देते."

तेवढ्यात माझी बस आली. जागा मिळाली, पण बसवेना. खिडकीतून बघितलं, तर त्याने पुन्हा मासा सोडला होता आणि क्लिक न करता बोट नुसतंच वर धरून ठेवलं होतं.