मेणाचं बाळ

आत्ता लाईट गेली म्हणून सासूबाईंनी मेणबत्ती लावली, आन् त्या वासानं मला आठवीतल्या सहलीतलं गोव्याचं जुनं चर्च आठवलं.

आमी निमगाव केतकीच्या पोरी देवळात जावं तशा चपला भाईर काढून आत शिरलो व्हतो. पायाखाली गार फरशी, लांबलांबनं आलेली मानसं, आन् समदीकडं मेणाचा वास. एक बाई मेणाचं तान्हं बाळ देवापुढं ठिवत व्हती. मला वाटलं, भावलीच हाय. पन तिच्या डोळ्यात पानी, आन् तोंडावर हसू.

मी इचारलं, "मावशी, रडताय का हसताय?"

"माझं लेकरू लई आजारी होतं गं. बरं झालं. नवस फेडतेय."

पोरी फिदीफिदी हसल्या. मला बी काय कळलं न्हाय.

परवापास्नं माझ्या तान्ह्या सोन्याचा ताप हटत नव्हता. औषध चालू, तरी डोळं उघडंना. आत्ता मेणबत्ती जवळ घिऊन कपाळाला हात लावला, तर घामानं वलं, गार! त्यो डोळं उघडून दुधासाठी भोकाड पसरून रडला.

सासूबाई म्हनल्या, "अगं, रडतीयास का हसतीयास?"

मी त्याला पदराखाली घेतला.