पंख्यातली सही

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मला पंधरा वर्षं झाली. गिऱ्हाइकांनी मला देव मानलंय, शिव्याही दिल्यात. पण पिशवी दाराबाहेर ठेवायला लावून फक्त पेचकस हातात घेऊन आत या म्हणणारा माणूस मला एकच भेटला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. मी त्यांना मनातल्या मनात सीलसाहेब म्हणतो.

सीलसाहेबांची सगळी नोकरी मालाच्या गोदामात गेली. आलेलं खोकं तपासायचं, जोडावर कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर सही आणि तारीख. पट्टी फाटलेली दिसली की कुणीतरी हात घातला हे समजायचं. एकदा एक खोकं रिकामं निघालं आणि त्याच्यावरच्या पट्टीवर सही नव्हती. खरा चोर सापडेपर्यंत आठ महिने अख्खं गोदाम यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होतं. साहेब निर्दोष सुटले, नंतर रीतसर निवृत्तही झाले, पण त्या आठ महिन्यांत मनात जे शिरलं ते काही निवृत्त झालं नाही. घरात औषधाच्या बाटलीवर पट्टी, टीव्हीच्या पाठीवर पट्टी. सुनेच्या शिवणाच्या डब्यावरसुद्धा, कारण त्यांची कात्री एकदा त्यात सापडली होती. तिला सुई हवी असली तरी आधी सासऱ्यांना विचारायचं. गुडघ्यांमुळे वर्षभरात ते जिना उतरले नव्हते, त्यामुळे सगळा संशय त्या दोन खोल्यांतच फिरत असे.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. "कॉम्प्युटर बंद पडलाय. काल दुपारपर्यंत चालत होता. तुम्हीच या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका."

मी पोचलो तेव्हा सूनबाईंनी दार उघडलं. मुलगा कामाला गेला होता. त्या बाजूला सरकता सरकता हळूच म्हणाल्या, "सुरू झाला की आधी मला हाक मारा. संध्याकाळच्या आत हवाय." एवढं बोलून त्या आत गेल्या.

खोलीत साहेब खुर्चीत बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुरू झाला की आधी मला दाखवा. तिच्यासमोर नको."

"काय दाखवू?"

"मी दुपारी झोपलो की ती याच्यावर बसते. उठलो की खुर्ची वर केलेली असते. मी आलो की पडद्यावरचं झाकते. आणि काल दुपारी ती बसली अन् हा मेला. योगायोग म्हणता?"

खरं सांगायचं तर त्यांचा रोग मलाही लागला. सासऱ्यांपासून चोरून ही बाई काय बघत असेल? आणि संध्याकाळच्या आत एवढी घाई कसली?

काम सुरू केलं. आधी भिंतीतल्या सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहिला. दिवा लागला, म्हणजे वीज होती. वायर बदलायला म्हणून मी दाराबाहेरच्या पिशवीतून दुसरी आणली, तर साहेबांनी ती हातात घेऊन दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेली आणि मगच परत दिली. तिनंही फरक पडला नाही. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, क्षणभर गुरगुर व्हायची आणि सगळं गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच, आणि या वेळी आणखी लवकर.

"बघितलंत? कुणीतरी आतलं काढलंय," साहेब म्हणाले.

"काढलं असतं तर एवढंही बोलला नसता. उघडावा लागेल."

"थांबा." त्यांनी भिंगातून खोक्याच्या मागची पट्टी तपासली. दोन वर्षांपूर्वीची त्यांचीच सही, जशीच्या तशी. त्यांचा चेहरा जरा पडला. पट्टी शाबूत म्हणजे चोर गेला. पण ते एवढ्यानं हार मानणारे नव्हते. "वाफेवर सोडवून परत चिकटवता येते," ते म्हणाले.

त्यांनी बशी पुढे केली. स्क्रू तिच्यात ठेवायचे, मोठ्यानं मोजून. मी आठ मोजले, त्यांनीही आठ मोजले. झाकण काढलं आणि मला दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. मी मेमरी वाढवायला आलो होतो, तेव्हा साहेबांनी आतल्या एकेका भागावर पट्टी चिकटवायला घेतली. मी म्हणालो होतो, "आजोबा, आत कागद नको. आत तापतं, डिंक सुटतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझा बेतच उघडा पडला होता. भाग बदलून न्यायचे असतील म्हणूनच हा नको म्हणतोय! मला पुढच्या कामाला जायचं होतं. मी म्हणालो, चिकटवा बापडे.

आता आत मोबाइलचा टॉर्च मारला. मेमरीवर पट्टी होती, डिस्कवर होती. मुख्य चिपवरच्या पंख्याशेजारी नुसता डिंकाचा पिवळा डाग होता. मी बोटानं पंखा ढकलला. तो अर्धा इंच हलला आणि अडकला.

बाहेरच्या पिशवीतून चिमटा आणून ओढल्यावर पात्यांच्या मधून कागदाची चुरगळलेली पट्टी निघाली. पंखा फिरत नव्हता, चिप तापत होती आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होत होतं. मी पट्टी सरळ करून साहेबांच्या तळहातावर ठेवली. कडा कुरतडल्या होत्या, पण अक्षर स्वच्छ होतं. 'तपासले', खाली तारीख आणि लपेटदार सही.

त्यांनी ती दोनदा वाचली. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मीही त्या वेळी हट्ट धरला नव्हता, म्हणून गिळलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. आता कुणाला हाक मारायची? मी दोघांनाही मारली, आणि मोठ्यानं.

सूनबाई पदराला हात पुशीत आल्या. साहेबांच्या हातात अजून ती पट्टी होती, तरी ते म्हणालेच, "कॉम्प्युटरचं जाऊ दे. दुपारी काय करतेस ते दाखव."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग बसली, कालचं पान परत उघडलं आणि खुर्ची बाजूला सरकवली. "वाचा."

घर भाड्यानं मिळण्याचा अर्ज होता. तीन खोल्या. मजला: तळमजलाच हवा. कारण: सासऱ्यांना जिना चढता येत नाही. राहणारी माणसं: तीन. तिसरं नाव साहेबांचं होतं, जन्मतारखेसकट. खाली लिहिलं होतं, मुदत आज संध्याकाळपर्यंत.

"हे म्हणाले, नक्की होईपर्यंत बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटेल घराबाहेर काढतायत," ती म्हणाली. "दोन महिने शोधतेय. तुम्हाला खाली अंगणात बसता यावं म्हणून. आणि तुम्ही परक्या माणसासमोर मला चोर ठरवता?"

तिनं माऊस हातात घेतला. 'तीन' पुसलं आणि 'दोन' लिहिलं.

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण माझे आठ स्क्रू अजून बशीत होते.

"ते नको करूस," साहेब म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मला खाली बसायचंय. तुमच्याबरोबर."

ती पडद्याकडेच बघत राहिली. "आधी माझ्या डब्यावरची पट्टी काढा."

साहेब खुर्चीचा हात धरून उठले. कपाटातून शिवणाचा डबा आणला, मांडीवर घेतला आणि नखानं पट्टी खरवडू लागले. डिंक त्यांनीच लावलेला होता, निघता निघेना. मी पेचकस पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. कागदाचे कपटे जमिनीवर पडत होते. झाकण उघडून त्यांनी डबा तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिनं 'दोन' पुसलं. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "आकडा तुम्ही लिहा."