तिसऱ्या रांगेतली चौथी खुर्ची

राजशिष्टाचार खात्यात त्यांना सगळे खुर्चीमामा म्हणत. देशातला कुणी मोठा माणूस गेला, की त्याला शेवटचा निरोप द्यायला येणाऱ्या मोठ्या माणसांनी कुठे बसायचं, हे मामा बघत. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मेल्यावर सगळे सारखे, असं म्हणतात. असतीलही. पण जे अजून मेलेले नाहीत त्यांचं काय? त्यांना पहिल्या रांगेत, मधोमध, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर बसायचं असतं.

सुरुवातीला मामा नावाच्या चिठ्ठ्या खुर्च्यांना टाचणीने लावत. मग मंत्र्यांचे सहायक लवकर येऊन आपापल्या साहेबांची चिठ्ठी हळूच पुढे सरकवू लागले. एका मंत्र्याची चिठ्ठी तर सरकत सरकत इतकी पुढे गेली, की शेवटी ती पुष्पचक्राच्या स्टँडवर सापडली. तेव्हापासून मामा चिठ्ठ्या खुर्चीच्या अभ्र्याला सुईदोऱ्याने शिवून टाकत, तेही दुहेरी टाक्याने. शिवाय त्यांच्या खिशात एक वही असे. कोण कोणाशी बोलत नाही, याची त्यात नोंद. अशा दोघांच्या मध्ये ते एका निवृत्त न्यायमूर्तींना बसवत. न्यायमूर्ती अंगाने भरपूर आणि कानाने अधू होते, त्यामुळे इकडचं तिकडे जायची सोयच नव्हती.

मामांच्या निवृत्तीला बारा दिवस उरले असताना माजी पंतप्रधान वारले. सचिवांनी मामांना बोलावून घेतलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या माजी पंतप्रधानांचा चाळीस वर्षांचा हाडवैरी म्हणजे विरोधी पक्षनेते. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव ठेवलं होतं तोफ. तोफेला आता दोन्ही गुडघ्यांना पट्टे लागत, पण तोंड शाबूत होतं. सभागृहात या दोघांनी एकमेकांची इतकी लक्तरं काढली होती, की मामांच्या वहीत पहिल्या पानावर पहिली जोडी तीच होती. नियमाप्रमाणे विरोधी पक्षनेत्याची जागा पहिल्या रांगेत. पण निवडणूक दोन महिन्यांवर आली होती आणि सत्ताधारी पक्षाला आपल्या माणसाच्या अंत्यविधीच्या चित्रात तोफ नको होती.

सचिव म्हणाले की तोफेला तिसऱ्या रांगेत बसवा, मांडवाच्या खांबाजवळ. मामांनी नियमाची आठवण करून दिली. सचिवांनी टेबलावरच्या एका फायलीवर बोटं वाजवली.

"तुमच्या निवृत्तीच्या कागदांवर माझी सही व्हायची आहे ना अजून?"

मामा काय समजायचं ते समजले. लेखी आदेश तेवढा मागून घेतला आणि निघाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

प्रत्येक अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मामा घरच्यांना भेटायला जात. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला ऊन सोसत नाही, कोणाला मधेच उठावं लागतं, हे सगळं विचारून घेत. माजी पंतप्रधानांच्या बाईसाहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पक्षाची माणसं मोठमोठ्याने दबक्या आवाजात बोलत होती. बाईसाहेबांनी एकच प्रश्न विचारला, तोफ कुठे बसणार? मामांना खोटं बोलवेना. तिसरी रांग, ते म्हणाले.

बाईसाहेब म्हणाल्या, "दर रविवारी चार वाजता त्यांचा फोन यायचा. तासभर भांडायचे दोघं. फोन ठेवला की हे खूश. मग चहा मागायचे."

मामांनी नकळत खिशातल्या वहीवर हात ठेवला. चौतीस वर्षांची नोंद, आणि पहिल्याच पानावर चूक!

"उद्या मी कोणाजवळ बसून रडायचं?" बाईसाहेबांनी विचारलं. "पहिल्या रांगेतल्यांजवळ? त्यातल्या निम्म्यांनीच तर ह्यांना खुर्चीवरून ओढलं."

मामा घरी आले आणि अभ्रे मांडीवर घेऊन शिवायला बसले. इकडे बाईसाहेब, तिकडे फाईल. बायकोने विचारलं, काय झालं, तर त्यांनी आदेशाचा कागदच तिच्यापुढे धरला. तिने वाचला आणि म्हणाली, यात तर फक्त त्यांनी कुठे बसायचं तेवढंच आहे, बाकीच्यांचं काहीच नाही. मामांची सुई थांबली. खात्याच्या पुस्तकातला पहिला नियम त्यांना तोंडपाठ होता: घरच्या माणसाच्या पुढे कोणी बसायचं नाही. आजवर तो नियम कधी कामाला आला नव्हता, कारण घरचं माणूस कायम पुढेच बसे. मामांनी तोफेची चिठ्ठी तिसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीला शिवली. चौथीला काहीच शिवलं नाही.

सकाळी मांडव भरला. पंतप्रधान पहिल्या रांगेत मधोमध बसले, त्यांच्या दोन्ही बाजूंना मंत्री. तोफ खांबाजवळ जाऊन मुकाट्याने बसली. बाईसाहेबांना गाडीपासून खुर्चीपर्यंत न्यायचं काम मामांचंच होतं. गाडीचं दार उघडून ते खाली वाकले.

"बाईसाहेब, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत आहे. तिसऱ्या रांगेतली चौथी रिकामी आहे. मी फक्त माहिती देतोय."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग त्या पहिली रांग ओलांडून, दुसरी ओलांडून सरळ गेल्या आणि तोफेच्या शेजारी बसल्या.

मग जे झालं ते बघायला नशीब लागतं. बाईसाहेबांकडे पाठ करून बसलोय हे पंतप्रधानांच्या लक्षात आलं आणि ते चटका बसल्यासारखे उठले. ते उठले म्हणून मंत्री उठले. सगळी पहिली रांग मागे धावली, तिला बघून दुसरीही धावली. तिसऱ्या रांगेत खुर्च्या दहा आणि माणसं चाळीस. एक मंत्री कोणा कुलगुरूंची चिठ्ठी उपटायला गेले. दुहेरी टाका हलला नाही, सबंध अभ्राच हातात आला, आणि पूर्ण राष्ट्रगीतभर तो त्यांच्या खांद्यावर राहिला. न्यायमूर्तींना काहीच ऐकू न आल्याने ते दुसऱ्या रांगेत एकटेच शांत बसून होते. पंतप्रधानांना मिळाली खांबामागची खुर्ची. टीव्हीवर त्यांचा एक कान आणि अर्धा चष्मा दिसला.

मामा पलीकडेच उभे होते. बंदुकांची सलामी झाली तेव्हा तोफेच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"वहिनी, आता रविवारी चार वाजता मी काय करू?"

"मला फोन करा," बाईसाहेब म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकतेय. भांडता येतं मलाही."

मामांना भडभडून आलं. इतक्या अंत्यविधींत पहिल्यांदाच आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

विधी संपताच सचिव लालबुंद होऊन आले. मामांनी आदेशाचा कागद पुढे केला. तोफ तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ; शब्दात कुठे फरक नव्हता. सचिव काही बोलणार, तेवढ्यात एक परदेशी राजदूत पंतप्रधानांचा हात हातात घेऊन म्हणाले की पहिली रांग सोडून खांबामागे बसणारा नेता आपण आयुष्यात पाहिला नव्हता. पंतप्रधान नम्रपणे हसले आणि व्यवस्था छान होती असं सचिवांना म्हणाले. संध्याकाळच्या आत फायलीवर सही झाली.

मांडव रिकामा झाल्यावर मामा टाके उसवत बसले होते, तेव्हा तोफ काठी टेकत आली.

"माझ्या वेळी अशीच मांडणी करायची बरं का."

"मी महिनाअखेरीला निवृत्त होतोय, साहेब."

"अरे बापरे. मग मला घाईच करावी लागेल."

मामांनी त्यांच्या नावाची चिठ्ठी अलगद उसवली, घडी घातली आणि वहीत पहिल्या पानावर ठेवली.

"घाई नको, साहेब," ते म्हणाले. "मी घरून येईन. सुईदोरा माझाच आहे."