एका घासाला एक फेरी

जेवायला बसला की तो आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा. पट्टा सरळ करून ते ताटाच्या वर, आपण मीठ वाढतो त्या जागी, ठेवायचा आणि मगच चमचा उचलायचा. समोरच्या वाटीत असायचं काय, तर मुगाची उसळ, नाहीतर पनीरचे चार तुकडे. तेवढ्याला त्याला वीस मिनिटं लागायची. आमचे डबे धुऊन व्हायचे, पान लावून व्हायचं, साहेब घरी जेवून परत यायचे, तरी हा आपला चावतोय. कोणी काही बोललं तर तोंडातला घास पूर्ण संपवून म्हणायचा, "घाई कोणाला आहे?"

त्याचं नाव मी सांगत नाही. हे त्याच्या वाचनात यायची दाट शक्यता आहे, आणि मग फोन करून तो माझ्या चुका काढत बसेल. आम्ही दोघं नाशिकला पाटबंधारे खात्याच्या एका ऑफिसात होतो. मी कारकून, तो ट्रेसर. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर शाईने उतरवायचे, हे त्याचं काम. एवढ्या अवाढव्य माणसाच्या हातून इतकी नाजूक रेघ कशी उमटते, हे नवीन आलेला प्रत्येक साहेब मागे उभा राहून बघायचा.

अवाढव्य हा शब्द मी उगाच वापरत नाही. नव्वदच्या दशकात तुम्ही त्याला पाहिलं असतं तर तुम्हीही तोच वापरला असता. एकशे चाळीस किलो. ऑफिसातल्या हातांच्या खुर्चीत तो मावत नसे, म्हणून सुताराकडून खुर्चीचे दोन्ही हात कापून घेतलेले होते. जीपमध्ये तो पुढे बसला की आमचा ड्रायव्हर म्हणायचा, "थांबा, आधी टायरकडं बघून येतो." सगळ्यात मोठ्याने हसायचा तोच.

आणि घाई तर त्याला तेव्हा भारीच होती. खाण्याची आणि त्याहून जास्त खिलवण्याची. ऑफिसातल्या कोणाच्याही घरचं लग्न असो, बारसं असो, पंगतीत वाढायला हा उभा. त्याची एक पद्धत होती. जिलबीचं ताट घेऊन समोर यायचा आणि तुमच्या आईच्या तब्येतीची चौकशी करायचा. "बरी आहे" म्हणायला तुम्ही मान वर केली की पानात दोन जिलब्या पडलेल्या. हात आडवा धरला तर हात बाजूला सारायचा. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवायचा, "एवढंसं!" वर सुनवायचा, "अन्नाला नाही म्हणू नये, त्याला वाईट वाटतं." स्वतः शेवटच्या पंगतीला बसायचा आणि तिघांचं जेवायचा.

त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले होते. आजोबाही त्याच सुमारास. साखर, मग हृदय. "आमच्या घरात बावन्नला धरण फुटतं," असं तो पंगतीत हसत सांगायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, जवळ असल्या तर उठून आत निघून जायच्या. मला वाटायचं, त्यांना विनोद कळत नाही. मी मूर्ख होतो.

एकदा आम्ही कालव्याच्या कामावर मोजणीला गेलो होतो. कालवा कोरडा होता. हा उत्साहाने तळापर्यंत उतरला आणि मग त्याला वर चढता येईना. दोनदा घसरला. शेवटी ड्रायव्हर, मी आणि दोन मजूर, चौघांनी मिळून दोर लावून त्याला वर ओढलं. वर आल्यावर तोही हसला, आम्हीही हसलो. परतताना मात्र पेठ नाका आला तेव्हा तो जीपच्या बाहेर बघतच म्हणाला, "मला सत्तेचाळीस लागलं रे."

दोन महिन्यांनी मुंबईला जाऊन त्याने ऑपरेशन करून घेतलं. पोट लहान करण्याचं. तेव्हा हे प्रकरण आमच्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे ऑफिसात नाही नाही त्या कथा पसरल्या. तो परत आला तेव्हा आम्ही त्याच्याभोवती कोंडाळं केलं. त्याने त्याच्या भाषेत समजावून सांगितलं. "धरणाची क्षमता आता वाटीभर. पाणी हळूच सोडायचं, नाहीतर भिंतीला धोका. जेवताना वरून पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. आधी डाळ, उसळ, अंडं. भात-पोळी जागा उरली तर. गोळ्या जन्मभर." शेवटी म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, माझं काम झालं, आता तुमचं सुरू. रोजच्या रोज."

घड्याळ काढून ठेवायची सवय तेव्हापासूनची.

वजन उतरू लागलं. वर्षभरात तो ओळखू येईनासा झाला. एके दिवशी सकाळी येऊन तो आपली खुर्ची सोडून माझ्या शेजारच्या हातांच्या खुर्चीत बसला. दिवसभर त्याने दोन्ही हात त्या खुर्चीच्या हातांवर ठेवले होते. नकाशाचं काम सुद्धा काढलं नाही. त्या दिवशी चहा साहेबांनी पाजला. त्याचा बिनसाखरेचा, अर्धा कप.

आता आमची करणी सांगतो. माणूस बारीक होत चालला की आपल्या लोकांचा जीव कळवळतो. त्यातून हा आयुष्यभर आम्हाला खिलवणारा. त्याच्या त्या वाटीकडे बघून आमच्या घशाखाली घास उतरेना. ड्रायव्हर वणीकडचा. तो दर पंधरा दिवसांनी गडावरचा पेढा आणायचा. "परसाद हाय. परसादाला नाय म्हणता का कोणी?" हेडक्लार्कबाई दुपारी चारला शंकरपाळ्यांचा डबा उघडायच्या, "दोनच घ्या, अगदी खुसखुशीत आहेत." कोणी चिवड्याची चिमूट, कोणी बर्फीचा तुकडा. मी संक्रांतीला गुळपोळीचा कोपरा दिला आणि मग संक्रांत माझ्यापुरती महिनाभर चालली. प्रत्येकाची बोटं तशीच, त्यानेच शिकवलेली. एवढंसं! सुरुवातीला एकदा गोड खाऊन त्याला दरदरून घाम फुटला होता, छाती धडधडली होती. पण चिमूटचिमूट घेतलं की जिरतं, हे त्यालाही कळलं आणि आम्हालाही. आपण सोडून इतर काय देतात, याचा हिशेब कोणीच केला नाही.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी वहिनी ऑफिसात आल्या. तो साइटवर गेलेला होता, हे बघूनच आल्या होत्या. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊजी, मुंबईला तपासणीला गेलो होतो. अकरा किलो परत वाढलंय. साखरही. घरी मी वाटी मोजून देते, संध्याकाळी फळ कापून देते. मग हे वाढतं कुठून, तेवढं मला सांगा." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पुढच्या वर्षी यांना एक्कावन्न लागेल," एवढं म्हणून थांबल्या.

हेडक्लार्कबाईंनी उघडलेल्या डब्याचं झाकण हळूच लावलं. मला लाज वाटली. इतकी लाज मला नोकरीत परत कधी वाटली नाही.

संध्याकाळी मी त्याला गाठलं आणि उलट त्याच्यावरच डाफरलो, कारण अपराधी माणूस दुसरं काय करणार? "अरे, तू नाही का म्हणत नाहीस?"

तो शाईचे डाग पडलेली बोटं पुसत म्हणाला, "कोणत्या तोंडाने म्हणू? पंचवीस वर्षं लोकांचे हात बाजूला सारून वाढलंय मी. माझ्यामुळे किती जणांच्या साखरा वाढल्या असतील, देव जाणे. आता तुम्ही प्रेमाने पुढे केलेला हात मी बाजूला सारू?" आणि मग अगदी हळू, "मला येतच नाही रे नाही म्हणायला. कोणी शिकवलंच नाही."

सोमवारी ऑफिसात आलो तर भिंतीवर नकाशा लावलेला. एक धरण, त्याच्या त्या नाजूक रेघेत. चारी बाजूंनी येऊन मिळणारे ओढेनाले, आणि प्रत्येकावर सुबक अक्षरात नाव. ड्रायव्हर नाला. हेडक्लार्क ओढा. साहेब झरा, कारण साहेब कधीतरी काजू द्यायचे. सगळ्यात रुंद नाला माझ्या नावाचा होता. खाली पेठेतल्या दुकानाच्या पाटीसारखं लिहिलं होतं: 'आवक थांबवता येत नाही, सबब विसर्ग वाढवण्यात येत आहे. एका घासाला एक फेरी. घास देणाराने बरोबर चालले पाहिजे.'

फेरी म्हणजे ऑफिसच्या फाटकापासून कालव्याच्या कडेने पुलापर्यंत आणि परत. चांगला अर्धा तास. आम्हाला वाटलं, गंमत आहे. ड्रायव्हरने पेढा पुढे केला. याने नखाएवढा तुकडा तोडला, उरलेला परत दिला, घड्याळ काढलं, सावकाश खाल्ला आणि पाच वाजता ड्रायव्हरच्या दंडाला धरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "जीप चालवून जल्म गेला, पाय चालवायची सवय नाय. लय दुखतात." शंकरपाळ्यांचा डबा आठवड्याभरात घरी राहू लागला. खायचा तो आणि दमायचो आम्ही.

घास बंद झाले, पण फेऱ्या राहिल्या. पाच वाजले की तो फाटकाशी उभा राहायचा. पावसाळ्यात छत्री घेऊन, उन्हाळ्यात टोपी घालून. "आज कंटाळा आलाय" म्हटलं की म्हणायचा, "मलाही आलाय. चल, तू, मी आणि कंटाळा, तिघं जाऊ." अकरा किलो उतरायला दीड वर्ष लागलं. मधे एकदा दिवाळीत दोन परत चढले, तेही त्याने आपणहून सांगितलं, लपवलं नाही. माझी रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली, ते मी घरी पेढे वाटून साजरं करणार होतो. पण पेढ्यांमागे किती फेऱ्या लागतील ते मोजलं आणि बेत रद्द केला.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं ते नेमकं त्याच्या बावन्नाव्या वर्षात. वहिनींनी वर्षभर पुढे ढकलायचा हट्ट धरला. कारण कोणी बोललं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने ऐकलं नाही. व्याही मनमाडचे, रेल्वेतले, देहयष्टी आमच्या जुन्या माणसाची. पंगत बसली, जावई-मुलीचे घास झाले आणि व्याही फेटा सावरत उठले. हातात जिलब्यांची चळत, मोजून पाच. थेट याच्यासमोर. "व्याहीबुवा, आ करा. आमच्याकडं नाही म्हणायची पद्धत नाही."

वहिनींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. नव्या सोयरिकीत, भरल्या मांडवात, व्याह्यांचा हात अडवायचा कसा? मी उठायच्या बेतात होतो.

त्याने सावकाश घड्याळ काढलं आणि ताटाच्या वर ठेवलं. "घेतो की," म्हणाला. "पण आमच्याकडेही एक पद्धत आहे. एका घासाला एक फेरी, आणि देणाराने बरोबर यायचं." व्याह्यांना वाटलं, काही देवधर्माचं असेल. "असं म्हणता? मग चला!" म्हणाले. याने एका जिलबीचा कोपरा मोडला, चांगली पाच मिनिटं चघळला. पंगत हात थांबवून बघत होती. मग दोघं उठले आणि फेटे, उपरणी, गळ्यात हार अशा थाटात मंगल कार्यालयाला बाहेरून एक भली मोठी फेरी मारून आले. सनईवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. व्याही परत आले ते घामाघूम. खाली टेकले, हातातल्या चार जिलब्यांकडे एकदा पाहिलं आणि त्या गुपचूप ताटात परत ठेवल्या.

वहिनी हसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्यानंतर पाच महिन्यांनी, सकाळी सहाला, माझ्या घरचा फोन वाजला. इतक्या लवकरच्या फोनने माणूस आधी घाबरतोच. उचलला तर पलीकडून एकच शब्द. "त्रेपन्न." आणि फोन ठेवला. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. बायको धावत आली. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही झालं नाही. काहीच झालं नाही!"

पुढे तो निवृत्त झाला आणि मनमाडला मुलीच्या घराजवळ राहायला गेला. तिथे तो आणि व्याही रोज स्टेशनच्या बाजूला फिरायला जातात म्हणे. इथे पाच वाजता फाटकाशी कोणी उभं नसतं. भिंतीवरचा नकाशा त्याने जाताना गुंडाळून माझ्या हातात ठेवला, तो माझ्या कपाटात आहे. मी अजून पुलापर्यंत जातो. एकटा असलो की पाय जड होतात, ते खरं आहे. पण जातो.

दरवर्षी त्या दिवशी सकाळी सहाला फोन येतो. एक आकडा, बस्स. यंदा मी पावणेसहापासूनच फोनपाशी बसलो होतो. वाजला.

"एकसष्ट," तो म्हणाला.

या वेळी मी त्याला फोन ठेवू दिला नाही. "एवढंसं?" मी म्हटलं. "आणखी घे की! नाही म्हणू नये, वाईट वाटतं."

पलीकडे त्याने घसा खाकरला.

"घेतोय रे," म्हणाला. "घाई कोणाला आहे?"