भात्यावरची सरळ चीर

कार्ल्सरूहेहून वाल्डकिर्शला निघालो तेव्हा दादाच्या पिशवीत थालीपिठं होती आणि माझ्या मनात तेहतीस वर्षांपूर्वीचा एक उंदीर. दादा, माझा थोरला भाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सांगलीहून महिनाभर आलेला. परवा परत जाणार. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचा उन्हाळा होता, गॅलऱ्यांतून झेंडे लटकत होते. फ्रायबुर्गला मी त्याला चुकीच्या गाडीत बसवलं. वीस वर्षं इथं राहून हे जमतं.

उंदराचं सांगून टाकतो. दादा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचा. एका स्पर्धेत त्यानं तबल्याला मला सोडून दुसराच घेतला. प्रयोगाच्या दिवशी ऑर्गनचा भाता फाटलेला निघाला. उंदरानं कुरतडला, असं मीच सगळ्यांना सांगितलं. नाटक बाद झालं. दादानं साथ करणं सोडलं आणि घरात मांजर आणलं.

वाल्डकिर्शला यारमार्क्टचे (जत्रेचे) ऑर्गन बनतात. कारखान्यात सरसाचा वास होता. सत्तरीचे एक कारागीर सांगत होते, मी मराठी करत होतो. आधी खिळे ठोकलेला लाकडी रूळ फिरायचा. गाणं बदलायचं तर रूळ बदला. मग भोकं पाडलेलं, घडीचं पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. भोकागणिक हवा सुटते, नळी वाजते. शेजारच्या पाळणेवाल्याचा आवाज बुडवता बुडवता कपाटाएवढा ऑर्गन खोलीएवढा झाला. लाउडस्पीकर आले आणि सगळे ऑर्गन शेतकऱ्यांच्या गोठ्यात धूळ खात पडले.

त्यांनी गोठ्यातून आणलेला एक भाता पुढे ठेवला. उंदीर घडीच्या कडेनं कुरतडतो, वेडंवाकडं, ते म्हणाले. ही चीर मात्र सरळ आहे. सुरी. जळणारा कुणीतरी शेजारी.

मी फक्त उंदराचं मराठी केलं.

दादानं चिरेवरून बोट फिरवलं. "आणि ह्याचं काय म्हणाले?"

"हे पात्याचं काम आहे म्हणतात. दादा, आपलंही पात्याचंच होतं. पातं मी मारलं होतं."

"माहीत आहे. तो भाता मीच शिवला ना नंतर."

"मग मांजर कशाला आणलंस?"

"म्हटलं, बघू किती दिवस गप्प बसतोस."

कारागिरांनी विचारलं, हे काय म्हणतायत? चामड्याची चौकशी करतायत, मी म्हणालो. गेनाऊ (बरोबर), चामडंच महत्त्वाचं, असं म्हणून त्यांनी ऑर्गन सुरू केला. त्या आवाजात माफी मागणं शक्य नव्हतं. दादाचा उजवा पाय जमिनीवर भाता मारत होता.

परतीच्या गाडीत आम्ही थालीपिठं खाल्ली. गाडी बरोबर होती, दादानं दोनदा विचारून घेतलं. ते मांजर बारा वर्षं जगलं. दूध रोज मीच घालायचो. उंदीर त्यानं एकही धरला नाही.