एकोणिसाव्या दिवशी साखरपुडा

आता हैदराबादेत आमच्या प्रयोगशाळेत पेशींचं पोषणद्रव यंत्र बदलतं. बेळगावात पीएच.डी. करताना ते मीच एक दिवसाआड बदलायची, रविवार असो की सण. बारीक छिद्रांच्या पडद्यावर मी आतड्याच्या पेशी वाढवत होते. एकवीस दिवसांत त्यांचा सलग थर होतो. मग वरून औषध घालायचं आणि खाली किती उतरतं ते मोजायचं. गोळीतलं औषध रक्तात कितपत जाईल, याचा त्यावरून अंदाज येतो.

धाकट्या बहिणीचा साखरपुडा नेमका एकोणिसाव्या दिवशी आला. सकाळी वडील खानापूरहून मोटरसायकलवर मला न्यायला आले.

"पावणी मंडळी अकराला येत्यात. लई वेळ लागंल का गं?"

"अर्धा तास, अण्णा."

द्रव बदलून झाल्यावर मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एक डोळा मिटून ते बराच वेळ बघत राहिले.

"हालत न्हाईत की गं."

"न्हाय. एकमेकींना चिकटून बसल्यात."

"माझी बीपीची गोळी बी अशीच तपासली आसंल?"

"आसंल की."

त्यांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून उलटसुलट करून पाहिली, परत ठेवली.

घरी पोचलो तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. आईनं नुसतं बघितलं. मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात शिरले. बाहेर मुलाच्या काकांनी विचारलं, थोरली काय करते?

अण्णा म्हणाले, "पोटातलं कातडं वाढवती. औषध त्यातनं पार झालं तरच खरं."

मग काका म्हणाले, "मग माझ्या गुडघ्याचं बी कायतरी बघा म्हणावं."

आत माझी बहीण इतकी हसली की तिचं काजळ पुन्हा घालावं लागलं.

दोन दिवसांनी प्रयोग केला. औषध जवळजवळ उतरलंच नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आलं तसं लिही." त्या संध्याकाळी मी खोलीवर येऊन रडले. मग औषधाचे कण आणखी बारीक करून पुन्हा पहिल्यापासून पेशी लावल्या. दोनदा थर बिघडला. तिसऱ्या खेपेला मात्र औषध चांगलं उतरलं.

मी लगेच अण्णांना फोन केला. ते शेतात होते.

"पार गेलं म्हणं रं!" ते मोठ्यानं ओरडले. कुणाला सांगत होते कोण जाणे. त्या वेळी शेतात बहुतेक ते एकटेच असायचे.